गाडीपाशी थांबणारा माणूस

कप्तानाला कप्तान हे नाव कुणी ठेवलं, ते त्याचं त्यालाही आठवत नाही. सहलीच्या बसवर त्यानं सारं आयुष्य काढलं. कुठल्यातरी सहलीत कुणीतरी खुशीत येऊन "वा, कप्तान!" म्हटलं असेल, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मालक कप्तान म्हणायचे, गल्लीतली पोरं कप्तानकाका म्हणायची, आणि त्याच्या बायकोला लोक आपोआप कप्तानीण म्हणायला लागले. तिला ते मुळीच आवडायचं नाही. "जहाज यांचं, आणि बुडायची मी," असं ती म्हणायची.

माणूस तसा सरळ हो. व्यसन म्हणाल तर चहाचं, आणि बढाई म्हणाल तर दोनच गोष्टींची. एक म्हणजे, सहलीतला एकही प्रवासी आपण कधी मागे ठेवला नाही. निघायच्या आधी डोक्यावरच्या लांब आरशात तो एकेक सीट बघून घ्यायचा, मगच हँडब्रेक सोडायचा. आणि दुसरी म्हणजे, आपण गाडी सोडून कधी कुठे गेलो नाही. लोक किल्ले बघायला जायचे, राजवाडे बघायला जायचे. हा झाडाखाली बस लावायचा, काचा पुसायचा, टायरांना लाथा घालून बघायचा आणि मागच्या लांब सीटवर पाय पसरून पडायचा. गाडीत लोकांचं सामान असतं, कुणाची औषधं असतात, ड्रायव्हरनं गाडी सोडायची नसते, असं त्याला पहिल्या मालकानं शिकवलं होतं. तो मालक जाऊनही जमाना झाला, पण याच्या डोक्यातून ते काही जाईना.

आता घरातलं ऐका. लेक जन्मली तेव्हा हा एका देवळाच्या पायथ्याशी बसमध्ये झोपला होता. लेकीला कांजिण्या आल्या, तिच्या शाळेचं संमेलन झालं, घराचं छत गळायला लागलं, तेव्हा हा कुठल्या ना कुठल्या ऐतिहासिक स्थळाच्या बाहेर काचा पुसत होता. छत कप्तानिणीनं दुरुस्त करून घेतलं, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून. लेकीचं लग्नही निम्म्याहून जास्त तिनंच उरकलं. आणि हा घरी आला की काय करायचा, तर झोपायचा. बाईनं कधी तोंडातून ब्र काढला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला काढला. पण ज्याच्याशी भांडायचं तोच घरी नसला तर बाई भांडून भांडून किती भांडणार?

मग कप्तान निवृत्त झाला. लोक म्हणाले, आता काय, आराम! कसला आराम? सकाळी उठून तो बाल्कनीत उभा राहायचा आणि खाली लावलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघायचा. आणि हळूहळू त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, तिची त्यालाच लाज वाटली. कप्तानीण भाजी आणायला गेली की त्याला करमत नसे. जिन्यावर पावलं वाजली की हा कान टवकारायचा. पण तिला हे सांगणार कोण? त्याच्या तोंडून चहा, जेवण आणि टायर यांपलीकडे शब्द निघतील तर शपथ.

अशात एका दुपारी फोन वाजला. लेकीचा होता. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, मोठी अजून धड शाळेत रुळली नव्हती, नोकरी चालू होती. तिच्या नाकी नऊ आले होते. कप्तानीण स्वयंपाकघरात कणीक मळत होती, हात भरलेले, म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर केला होता. कप्तान बाहेर वर्तमानपत्र धरून बसला होता.

"आई, तू आता आमच्याकडेच ये राहायला. बाळंतपणापुरतं नाही म्हणत मी, कायमची ये."

"आणि यांचं?"

"बाबांचं काय? त्यांना एकटं राहायची सवय आहे. उलट तूच त्यांना घरात अडचण वाटत असशील."

कणीक मळायचा आवाज थांबला. मग कप्तानीण म्हणाली, "तळ्यावर जायचं ठरलंय ना आपलं? ते होऊ दे. मग सांगते."

झालं! कप्तानाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.  बायको नाही म्हणाली नव्हती. सांगते म्हणाली होती. म्हणजे जे काही व्हायचं ते आता त्या तळ्यावरच्या सहलीत होणार, एवढं त्याला कळलं. आता एखादा शहाणा माणूस उठून आत गेला असता आणि म्हणाला असता, अगं, जाऊ नकोस. पण हा कसला! यानं काय केलं, तर सहल उत्तम करायची असं ठरवलं. त्याला तेवढंच येत होतं ना.

सहल म्हणजे तळ्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी आसपासची जुनी ठिकाणं बघून परतायचं. बेत जावयाचा. त्यानं मोठी गाडी भाड्यानं घेतली, तंबू आणले, फुगवायच्या गाद्या आणल्या, आणि सगळ्याची माहितीपत्रकं वाचून काढली. गाडी अर्थात सासऱ्यानं चालवायची. कप्तानाला ते तळं तळहातासारखं पाठ होतं. म्हणजे तळ्याभोवतीचा रस्ता पाठ होता. कुठे चढ, कुठे खड्डा, कुठल्या झाडाची सावली दुपारी कुठे सरकते, सगळं. तळ्याच्या पाण्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळं गोड चाललं. नातीनं काठावरचे दगड गोळा केले. लेक पाय लांब करून पाण्याकडे बघत बसली. जावई माहितीपत्रक हातात धरून तंबूच्या काठ्यांशी झटापट करत होता. कप्तानाला ते बघवेना. "सरका तुम्ही," म्हणून त्यानं ताबा घेतला, आत शिरला, मधली काठी उभी केली, आणि अख्खा तंबू त्याच्या अंगावर बसला. बाहेरून नुसतं कापड हलताना दिसत होतं. नात किंचाळली, "आजोबांना तंबूनं खाल्लं!" आणि त्या कापडाच्या आतून कप्तानाचं हसू ऐकू आलं. पहिल्यांदा दबकं, मग खो खो. कप्तानीण हातातला चहाचा कप खाली ठेवून बघत राहिली. मग तीही हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं.

संध्याकाळी पाणी सोनेरी झालं तेव्हा ती काठावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, "अहो, या ना. पाणी कोमट आहे."

"आलोच," कप्तान म्हणाला. "मागचं चाक जरा बसल्यासारखं वाटतंय, बघून येतो."

काय म्हणावं या माणसाला! चाक ठणठणीत होतं. हा परत आला तोवर ती उठून लेकीशी बोलत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर त्यानं कहरच केला. सहल उत्तम करायची होती ना? सगळ्यांना लवकर उठवलं. "चला, चला, उन्हाच्या आत पूल बघून होईल." लेक कुरकुरली, नात रडली. तंबू दवानं भिजले होते. ते गुंडाळून त्यानं पुढच्या, आपल्या शेजारच्या सीटवर रचले, म्हणजे मागे कुणाचे कपडे ओले व्हायला नकोत. त्यामुळे कप्तानीण सर्वांत मागच्या सीटवर गेली, नातीशेजारी. मधल्या सीटवर लेक आणि जावई.

आधी जुना दगडी कमानींचा पूल झाला. मग एका राणीची समाधी झाली. दोन्ही ठिकाणी कप्तान गाडीपाशी.

"चला ना हो," समाधीपाशी कप्तानीण म्हणाली. "एकदा तरी."

"गाडी कोण बघेल?"

"कोण नेणार आहे ती? बंद करा की कुलूप."

"तू जाऊन ये. इथून डावीकडं वळ, चाफ्याचं झाड लागेल, तिथून छान दिसतं म्हणतात."

"म्हणतात!" ती म्हणाली, आणि शाल खांद्यावर ओढून एकटीच निघाली. तिची ती शाल विटकरी रंगाची, घरीदारी कायम अंगावर असायची. कप्तान तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला आतून वाटलं हो, की जावं. पण पाय उचलेना. इतक्या वर्षांची खोड, एका सकाळीत कशी सुटणार?

शेवटचं ठिकाण टेकडीवरचा पडका राजवाडा. तिथं पोचेपर्यंत दुपार कलली होती. सगळे वर गेले, कप्तान खाली वडाखाली. बऱ्याच वेळानं लेक एकटी खाली आली. तिची कंबर भरून आली होती. ती मधल्या सीटवर बसली, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मग जावई आला, खांद्यावर पेंगुळलेली नात. वर वारा गार होता म्हणून आजीनं आपली शाल तिला डोक्यावरून गुंडाळली होती. जावयानं तिला मागच्या सीटवर गादीच्या गुंडाळीला टेकवून बसवलं आणि पुढे येऊन बायकोशेजारी बसला. त्याला वाटलं, सासूबाई बायकोबरोबर आधीच खाली आल्या असतील, बाहेर हातपाय धूत असतील, मागच्या दारानं चढतील. लेकीला वाटलं, आई नवऱ्याबरोबर आली.

"आले का सगळे?" पुढची काच पुसून होताच गाडीत चढत कप्तानानं विचारलं.

"आलो, आलो," जावई मागे न बघताच म्हणाला.

कप्तानानं आरशात बघितलं. मधे लेक, जावई. मागे विटकरी शाल. त्यानं हँडब्रेक सोडला.

बघा आता. ज्यानं उभ्या आयुष्यात परका माणूस मागे ठेवला नाही, तो स्वतःच्या बायकोला टेकडीवर सोडून निघाला. आणि खुशीत निघाला! सहल वेळेत झाली, कुणी पडलं नाही, कुणाचं पोट बिघडलं नाही. आता घरी गेल्यावर ती सांगेल, नाही जात मी लेकीकडे. असे मनात मांडे खात तो टेकडी उतरला, तळ्याच्या काठानं निघाला, दगडी पूल मागे टाकला, झाडीत शिरला. मागे सगळे गप्प. त्याला वाटलं, दमलेत.

झाडी संपता संपता नात जागी झाली. शाल बाजूला सारून तिनं इकडेतिकडे बघितलं.

"आजी कुठाय?"

कप्तानानं आरशात बघितलं. शालीतून नातीचं बारकं तोंड बाहेर आलं होतं. त्याच्या पायाखाली ब्रेक कसा दाबला गेला ते त्यालाही कळलं नाही. तंबू धाडकन खाली आले.

"आई!" लेक ओरडली. तिनं घाईघाईनं फोन लावला, तर फोन गाडीतच वाजला, मागच्या सीटखाली, कप्तानिणीच्या पिशवीत.

मग दोषारोप सुरू झाले. लेक नवऱ्यावर ओरडली, नवरा म्हणाला मला वाटलं तुझ्याबरोबर, नात भोकाड पसरून रडायला लागली.  रस्ता अरुंद, एका बाजूला पाणी. तिथं एवढी मोठी गाडी कप्तानानं मागेपुढे करत वळवली.  त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे बायको. पण गंमत अशी की तिचा चेहरा आठवायला गेलं की शालच दिसायची. आपण हिला शेवटचं नीट कधी बघितलं, हे आठवेना. धाबं दणाणलं हो त्याचं.

राजवाड्याच्या दाराशी तिकिटं फाडणारा म्हातारा खुर्चीत पेंगत होता. "विटकरी शालवाल्या बाई? नाही, शाल पाहिली नाही. तुमची गाडी गेल्यावर कुणी खाली आलेलं नाही खरं. वरच असतील."

जावई उतरला. "बाबा, तुम्ही थांबा, मी पळत जाऊन येतो."

"हो बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही गाडीपाशी थांबा."

कप्तानानं किल्ली काढून जावयाच्या हातात दिली. "तुम्ही थांबा," तो म्हणाला, आणि दार उघडंच टाकून चढायला लागला.

पायऱ्या उंच, झिजलेल्या. आयुष्यभर बसून राहिलेले त्याचे गुडघे, ते काय साथ देणार? कठड्याला धरत, धापा टाकत तो वर पोचला आणि चक्रावला. किती लोकांना त्यानं इथं पाठवलं होतं, डावीकडून जा, उजवीकडून या सांगितलं होतं. आणि आता डावं कुठलं नि उजवं कुठलं तेच कळेना. छप्पर नसलेलं मोठं दालन, भिंतीत काजळलेले कोनाडे, फरशीतून उगवलेलं गवत, पाकोळ्यांचा वास. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून पुन्हा पहिलीच.

"अगं ए!" त्यानं हाक मारली. नुसतं "ए, ए" भिंतींवरून परत आलं. "अगं, ऐकलंस का?" भिंतींनी ऐकलं. मग त्याला सुचेना आणि त्यानं तिला नावानं हाक मारली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत, दार लावून, ज्या नावानं मारायचा, त्या. ते काय नाव होतं ते मी सांगणार नाही. ते त्या दोघांचं आहे, आपल्याला काय करायचंय?

"वर आहे मी," आवाज आला. "ओरडताय कशाला एवढं?"

ती गच्चीवर बसली होती. चपला काढून, पडक्या कठड्याला टेकून. खाली सगळं तळं पसरलेलं, आणि तळ्याभोवतीचा रस्ता.

कप्तान तिथंच फरशीवर बसला. 

"लेक पुढे गेली तेव्हा म्हटलं होतं मी, येते मागून. ऐकलं नसेल तिनं," ती म्हणाली. "खाली यायला उठले, आणि इथून गाडी निघालेली दिसली. म्हटलं, पहिल्या वळणावर थांबेल. नाही थांबली. म्हटलं, पुलापाशी थांबेल. तिथंही नाही. मग झाडीत गेली आणि दिसेनाशीच झाली."

"रडलीस?"

"आधी हसू आलं. कप्तानाची गाडी, आणि त्यातनं बायकोच सुटली. मग रडले."

कप्तानाच्या जिभेवर थाप तयार होती. लगेच लक्षात आलं माझ्या, वळायला जागा मिळेना, असं काहीतरी. खपलीही असती ती. पण ती चपला घालायच्या सोडून त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याला खोटं बोलवेना.

"मला नाही कळलं," तो म्हणाला. "आरशात शाल दिसली. मला वाटलं तूच. पोरीनं विचारलं तेव्हा कळलं."

तिनं एक चप्पल पायात सरकवली. तळ्यावरून एक होडी चालली होती, तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काल तंबू अंगावर पडला ना तुमच्या, तेव्हा तुमचं हसणं ऐकून बरं वाटलं मला. म्हटलं, हा माणूस अजून आहे आत कुठेतरी. काल संध्याकाळीच सांगितलं मी लेकीला. नाही येत तुझ्याकडे म्हणून."

कप्तानानं मान वर केली. म्हणजे ज्यासाठी आज सकाळपासून त्यानं सगळ्यांना पळवलं, ते कालच त्याच्या पदरात पडलं होतं. आणि आज त्यानंच ते टेकडीवर सोडून दिलं.

"आणि आता?" त्यानं विचारलं.

"आता काय? गाडी गेलेली बघितली मी या डोळ्यांनी. आता मला का राहायचं ते तुम्ही सांगा."

"जाऊ नकोस तू."

"हा हुकूम झाला. का ते विचारतेय मी."

तो बराच वेळ फरशीतलं गवत उपटत राहिला. तिनं घाई केली नाही.

"मला भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. "रिकाम्या बसमध्ये रात्रीच्या रात्री काढल्या, कधी काही वाटलं नाही. पण आता तू भाजीला गेलीस तरी घर खायला उठतं. तू जिन्यावर आलीस की कळतं मला, पावलावरून. मग मी पेपर वर धरतो." त्यानं हातातलं गवत टाकून दिलं. "आज वाटलं, तू तिथं नसशीलच.  दुसरं काय सांगू? मला नाही राहता येणार तुझ्याशिवाय. नाही येणार."

कप्तानिणीनं पदर न शोधता हातानंच डोळे पुसले. आधी स्वतःचे, मग त्याचे.

"हे घरी, चहा पिताना सांगायला काय झालं होतं तुम्हाला? त्यासाठी मला टेकडीवर टाकायला पाहिजे होतं?"

"राहशील?"

"राहीन. पण लेकीला मी नाही सांगणार. काल एकदा सांगून झालंय माझं, ती ऐकत नाही. तुम्ही सांगायचं. हेच, असंच."

"तिच्यासमोर? जावयासमोर?"

"हो. कापरं भरलं का?"

भरलं होतंच. खाली उतरताना गुडघे दुखत होते, ते वेगळंच. ती पुढे, हा तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. गाडीपाशी लेक धावत आली, आईला मिठी मारून रडली, मग बापाकडे बोट दाखवून म्हणाली, "बघितलंस ना आई? म्हणून म्हणते, चल माझ्याकडे. यांना तू नसलीस तर कळतसुद्धा नाही."

कप्तान उभा राहिला. जावई बघत होता, तिकीटवाला म्हातारा खुर्चीतून वाकून बघत होता, नात अंगठा तोंडात घालून बघत होती. कप्तानाचे कान लाल झाले.

"आई माझ्याकडे राहणार," तो म्हणाला. "मला लागते ती. तिच्याशिवाय माझं होत नाही."

लेकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बापाच्या तोंडून असलं काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. "आणि मला लागली तर?" ती बारीक आवाजात म्हणाली.

"तर आम्ही दोघं येऊ," कप्तान म्हणाला, आणि बायकोकडे बघून त्यानं विचारलं, "येशील ना?"